पीएसयूटिल: नको ते मेट्रिक्स येतात, हवे ते येत नाहीत, आणि एजंटच सीपीयू खातो

पायथनमध्ये पीएसयूटिल, म्हणजे सीपीयू, मेमरी आणि प्रोसेसची माहिती देणारी लायब्ररी, घेऊन घरच्या घरी मॉनिटरिंग एजंट लिहिलेली ऑफिसं मुंबईत आणि आसपास ढिगाने आहेत. फोर्टातले ब्रोकर, सीप्झमधल्या कंपन्या, भिवंडीची गोडाऊनं, सगळीकडे कोणीतरी एक स्क्रिप्ट लिहून गेलेला असतो आणि ती वर्षानुवर्षं चालू असते. मग कधीतरी कोणीतरी मेट्रिक्सची यादी बदलतं आणि फोन येतो. तक्रार दरवेळी वेगळ्या शब्दांत असते, दुखणं बहुतेक वेळा एकच निघतं, ते म्हणजे लायब्ररीकडे काय मागितलं आणि खरं तिच्यापर्यंत काय पोचलं यातला फरक. फंक्शनची नावं मी बोलतो तशी लिहिलीत, कोडमध्ये दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर टाकून घ्या.

आधी लक्षणं. यातलं एकही तुमच्याकडे नसेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही.

टॉप (कुठली प्रोसेस किती सीपीयू खातेय ते दाखवणारी कमांड) लावला की सगळ्यात वर मॉनिटरिंगचाच पायथन दिसतो, म्हणजे कुंपणच शेत खातंय. किंवा सगळ्या प्रोसेसचा सीपीयू कायम ०.० येतो, सर्व्हर घामाघूम झालेला असला तरी. किंवा निम्म्या रकान्यांत नन, म्हणजे पायथनचं 'काही नाही'. किंवा कॉन्फिगमध्ये एक ओळ बदलली आणि डॅशबोर्ड कोरा, लॉगमध्येही चिटपाखरू नाही. लॅपटॉपवर चालतं पण सर्व्हरवर पडतं, हाही नेहमीचा प्रकार, आणि उलटंही होतं. मेमरीच्या जागी नाव नसलेल्या आकड्यांची रांग येते. डिस्क १०० टक्के भरल्याचा अलर्ट येतो, जाऊन बघितलं तर डिस्क अर्धी रिकामी. आणि सगळ्यात वाईट, लॉगमध्ये डेटाबेसचा पासवर्ड दिसतो. हे शेवटचं दिसलं तर खालचं सगळं सोडा आणि आधी शेवटचा भाग वाचा.

तपासण्या सुरू करायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं आपोआप कळेल. लिनक्सवर पीएसयूटिल स्वतः काही मोजत बसत नाही. कर्नल प्रॉक नावाच्या डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेसचा एक फोल्डर दाखवतो, त्यात स्टॅट, स्टेटस, आयओ, एस-मॅप्स अशा फायली असतात, आणि तुम्ही जे मेट्रिक मागता त्याची फाइल उघडून लायब्ररी वाचते. मेट्रिकच्या नावांची यादी अ‍ॅटर्स नावाच्या पॅरामीटरमधून द्यायची असते. म्हणजे अ‍ॅटर्समध्ये दिलेली यादी ही काय दाखवायचं याची यादी नाही, कुठल्या फायली उघडायच्या याची आहे. बरेच जण आधी सगळं आणतात आणि मग आपल्या कोडमध्ये डिक्शनरीतून चार गोष्टी उचलतात. आउटपुट सुटसुटीत दिसतं, पण खर्च सगळ्याचा होऊन गेलेला असतो.

पहिली तपासणी, फुकटातली: यादी प्रिंट करा

प्रोसेस इटर (सगळ्या प्रोसेस एकेक करून देणारं फंक्शन) किंवा अ‍ॅज डिक्टला (एका प्रोसेसची माहिती डिक्शनरीत देणारं) कॉल करायच्या बरोबर आधीच्या ओळीवर यादी आणि तिचा टाइप प्रिंट करा. कॉन्फिग फाइल उघडून बघणं वेगळं, कारण कॉन्फिग आणि कॉल यांच्यात बऱ्याचदा तीन-चार फंक्शनं असतात आणि गडबड तिथेच होते. प्रिंट करताना पायथनचं रेपर (आर-ई-पी-आर) लावा, म्हणजे कोट्स आणि स्पेस दिसतात.

आता काय दिसतं त्यावर सगळं ठरतं.

यादी रिकामी असेल, म्हणजे दोन चौकोनी कंस आणि मध्ये काहीच नाही, तर लायब्ररी 'काहीच नको' असं समजत नाही, 'सगळं पाहिजे' असं समजते. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे पण कोणी वाचत नाही. कोणीतरी प्रोसेस मेट्रिक्स बंद करायचे म्हणून यादी रिकामी करतो आणि त्या क्षणापासून एजंट प्रत्येक प्रोसेसची एकूण एक फाइल वाचायला लागतो. सीपीयू खाणाऱ्या एजंटच्या तक्रारीत मी पहिलं हेच बघतो. बंद करायचं असेल तर कॉलच करू नका, त्याला वेगळा हो-नाहीचा स्विच ठेवा.

नन असेल तर उलटं. यॅमलमध्ये की लिहिली आणि पुढे काही लिहिलं नाही की नन येतो. मग प्रोसेस इटर प्रोसेस देतं पण त्यावर इन्फो (मागितलेल्या मेट्रिक्सची डिक्शनरी) लावत नाही, आणि तुमचा कोड इन्फो मागायला गेला की अ‍ॅट्रिब्यूटएरर. म्हणजे नन आणि रिकामी यादी, दिसायला सारख्याच, वागायला दोन टोकं. आणि अ‍ॅज डिक्टला थेट नन दिला तर तोही सगळंच आणतो, हेही लक्षात ठेवा.

नुसती स्ट्रिंग असेल, म्हणजे एकच मेट्रिक हवं म्हणून यादी न करता नाव तसंच लिहिलं, तर टाइपएरर येतो. हा बरा, निदान ओरडतो तरी.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून कॉमा लावून यादी येत असेल तर स्पेस बघा. 'नेम, सीपीयू परसेंट' असं लिहिलं आणि कॉमावर तोडलं की दुसऱ्या नावाच्या आधी एक स्पेस चिकटून येते, आणि स्पेससकटचं नाव लायब्ररीला ओळखू येत नाही, व्हॅल्यूएरर. व्हेरिएबल रिकामंच असेल तर तोडल्यावर रिकामी यादी मिळत नाही, एका रिकाम्या स्ट्रिंगची यादी मिळते, त्यावरही व्हॅल्यूएरर. उपाय एका ओळीचा, प्रत्येक तुकडा स्ट्रिप करा आणि रिकामे गाळा. पण गाळून झाल्यावर यादी रिकामी उरली तर वरचा पहिला प्रकार होईल, म्हणून तिथेच एक तपासणी ठेवा आणि रिकामी असेल तर एजंट सुरूच होऊ देऊ नका.

डॅशबोर्ड कोरा आणि लॉग शांत असेल तर ह्याच व्हॅल्यूएररला कोणीतरी 'एक्सेप्ट, पास' लिहून गिळलेलं असतं. शोधा, मिळेलच. प्रोसेस मरून जाणं ही रोजची गोष्ट आहे म्हणून नो सच प्रोसेस पकडणं ठीक, पण सरसकट सगळं पकडलं की यादीतली चूक कधीच वर येत नाही.

दुसरी: व्हर्जन आणि ओएस

यालाही पैसे लागत नाहीत. एजंट ज्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधून चालतो त्यातूनच पीएसयूटिलचं व्हर्जन प्रिंट करा, तुमच्या शेलमधून नको, कारण शेलमध्ये भलताच पायथन असतो.

प्रोसेस इटरला यादी द्यायची सोय ५.३.० मध्ये आली, २०१७ साली. त्याच्या आधीचं काही आजही कुठल्या कोपऱ्यात चालू असेल तर यादी दिल्यावर अनोळखी आर्ग्युमेंट म्हणून बोंब मारेल. २०२४ मध्ये आलेल्या ६.० मध्ये प्रोसेसवरच्या कनेक्शन्सचं नाव नेट कनेक्शन्स झालं. म्हणजे एकच कॉन्फिग दोन सर्व्हरवर फिरवलं, एकावर ५.९ आणि दुसऱ्यावर ६, तर नवीन नाव जुन्यावर पडणारच. व्हर्जन पिन करा, रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये नुसतं पीएसयूटिल लिहून ठेवू नका.

ओएसचं तसंच. नम एफडीज (प्रोसेसने उघडलेल्या फाइल डिस्क्रिप्टरची संख्या) लिनक्स आणि मॅकवर आहे, विंडोजवर त्याच्या जागी नम हँडल्स. प्रोसेसचे आयओ काउंटर्स मॅकवर नाहीतच. त्यामुळे लिनक्स सर्व्हरवरची यादी मॅकबुकवर चालवली, किंवा लिनक्सवरून विंडोजच्या बिलिंग मशीनवर टाकलं, की 'हे नाव चुकीचं आहे' असा एरर येतो आणि लोक स्पेलिंग तपासत बसतात. स्पेलिंग बरोबर असतं, मेट्रिकच त्या ओएसवर नसतं. सगळ्यांना चालेल अशी एकच यादी करायच्या फंदात पडू नका, ओएसप्रमाणे दोन याद्या ठेवा, वाचायलाही बरं पडतं.

अजून एक, प्रोसेसवर जे काही फंक्शन आहे ते सगळं यादीत चालत नाही. चिल्ड्रन, पॅरेंट, इज रनिंग ही नावं यादीत टाकली तर व्हॅल्यूएररच येणार. ती वेगळी बोलवायची.

तिसरी: सीपीयू ०.० का येतो

सर्वात जास्त विचारलं जाणारं हेच, आणि यात लायब्ररीची काही चूक नाही. सीपीयू परसेंट म्हणजे दोन क्षणांमधला फरक. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मागचा क्षणच नसतो, म्हणून ०.० मिळतो आणि तो फेकून द्यायचा असतो. दुसऱ्यांदा विचारलं की खरा आकडा. दोन कॉलमध्ये निदान ०.१ सेकंद तरी जाऊ द्या असं डॉक्युमेंटेशन सांगतं, मी एक सेकंद ठेवतो.

मागचा क्षण कुठे लक्षात ठेवला जातो, तर त्या प्रोसेस ऑब्जेक्टमध्ये. प्रोसेस इटर हे ऑब्जेक्ट आतमध्ये साठवून पुढच्या फेरीला तेच परत देतं, त्यामुळे एजंट सतत चालू असेल तर दुसऱ्या फेरीपासून आकडे बरोबर येतात. पण तुम्ही दर फेरीला पीआयडी (प्रोसेसचा नंबर) घेऊन नवीन ऑब्जेक्ट बनवत असाल तर प्रत्येक वेळी पहिलाच कॉल, प्रत्येक वेळी ०.०. आणि क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा लिनक्सचा गडी! दर मिनिटाला क्रॉनमधून स्क्रिप्ट चालवली की दर मिनिटाला नवा पायथन जन्माला येतो, त्याला मागचं काहीच आठवत नाही. क्रॉनच ठेवायचा असेल तर स्क्रिप्टमध्येच एक फेरी मारा, एक सेकंद झोपा, दुसरी फेरी मारा, दुसरीचेच आकडे पाठवा.

काही हुशार मंडळी इंटरव्हल १ देऊन प्रत्येक प्रोसेसला थांबवतात. ३०० प्रोसेस असतील तर ३०० सेकंद, एक फेरी पाच मिनिटांची. तसं करू नका.

पूर्ण सिस्टिमचा सीपीयू परसेंट वेगळा. ५.९.६ पासून तो मागचा क्षण थ्रेडप्रमाणे लक्षात ठेवतो. हे चांगल्यासाठीच केलंय, पण तुम्ही दर फेरीला टायमर लावून नवीन थ्रेड काढत असाल तर नव्या थ्रेडला मागचं काही नाही, परत शून्य. एकच कायमचा थ्रेड ठेवा आणि त्यात लूप फिरवा.

आणि आकडा ३८० टक्के आला म्हणून घाबरू नका. प्रोसेसचा आकडा एका कोअरच्या हिशोबात असतो, चार कोअर पूर्ण वापरले तर ४०० होतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरशी जुळवायचा असेल तर कोअरच्या संख्येने भागा.

चौथी: यादीतलं महाग काय आहे

इथे जरा थांबतो, कारण एजंट जड होण्याचं कारण रिकामी यादी नसेल तर ते इथेच सापडतं.

नेम, पीपीआयडी, स्टेटस, टर्मिनल, सीपीयू टाइम्स, सीपीयू परसेंट, क्रिएट टाइम हे सगळं लिनक्सवर एकाच स्टॅट फाइलमधून येतं. एक मागितलं काय आणि सगळी मागितली काय, फाइल एकदाच उघडते, कारण अ‍ॅज डिक्ट आतून वनशॉट (एकदा वाचलेली फाइल पुन्हा न उघडण्याची सोय) वापरतं. यूआयडीज, जीआयडीज, नम थ्रेड्स, कॉन्टेक्स्ट स्विचेस हे स्टेटस फाइलमधून. मेमरी इन्फोची फाइल वेगळी पण एका ओळीची. इथपर्यंत सगळं स्वस्त आहे, यातलं काही काढून वेग वाढेल अशी आशा नको. हीच फंक्शनं यादी न देता एकेक करून बोलवत असाल तर मात्र वनशॉटच्या ब्लॉकमध्ये बोलवा, नाहीतर तीच फाइल पाच वेळा वाचली जाते.

महाग म्हणजे मेमरी फुल इन्फो आणि मेमरी मॅप्स. यांच्यासाठी कर्नलला त्या प्रोसेसच्या मेमरीची पानं चाळावी लागतात. छोट्या प्रोसेसला कळत नाही, पण मोठा हीप घेऊन बसलेला जावा असेल किंवा डेटाबेसच्या शंभर प्रोसेस असतील तर दर दहा सेकंदाला हे मागणं म्हणजे सर्व्हरवर अन्याय आहे. फुल इन्फोमधला यूएसएस आकडा खरंच चांगला असतो, प्रोसेस मेली तर नक्की किती मेमरी सुटेल ते तो सांगतो, आरएसएसमध्ये, म्हणजे प्रोसेसने रॅममध्ये व्यापलेल्या एकूण मेमरीत, शेअर्ड पानं पण मोजली जातात. पण तो तासातून एकदा, ठराविक दोन-चार प्रोसेससाठी घ्या. रोजच्या ग्राफला आरएसएस पुरतो.

ओपन फाइल्सही तसंच, प्रत्येक उघड्या फाइलमागे एकेक लिंक वाचायची. नुसती संख्या हवी असेल तर नम एफडीज मागा, फक्त त्यात सॉकेट वगैरेही मोजले जातात.

आणि एक छुपा रुस्तम, युजरनेम. फाइल तीच स्टेटस, पण नंबरवरून नाव काढायला सिस्टिमला विचारावं लागतं, आणि ऑफिसची लॉगिन एलडॅपवर, म्हणजे सगळ्यांची खाती ठेवणाऱ्या डिरेक्टरी सर्व्हरवर, असतील तर ती विचारणा नेटवर्कवरून जाऊ शकते. एका ब्रोकरकडे असंच होतं, सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की एजंट अडखळायचा, सगळे सीपीयूकडे बघत बसलेले, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, गडबड होती डिरेक्टरी सर्व्हरवर लॉगिनची गर्दी होण्यात. यादीत युजरनेमच्या जागी यूआयडीज टाकलं, नाव लावायचं काम डॅशबोर्डवर नेलं, विषय संपला.

कुठलं महाग आहे ते अंदाजाने ठरवू नका. एक फेरी किती वेळात होते ते पायथनच्या पर्फ काउंटरने मोजा, मग यादी अर्धी करून परत मोजा, मग उरलेली अर्धी. दहा मिनिटांत दोषी सापडतो.

आणखी एक बारीक गोष्ट. गाळणी फक्त मेट्रिकच्या नावापर्यंत चालते, त्याच्या आत नाही. मेमरी इन्फो मागितलं की लिनक्सवर आरएसएस, व्हीएमएस, शेअर्ड आणि बाकीची मंडळी एकत्रच येतात, फक्त आरएसएस मागता येत नाही. तो तुम्ही उचलून घ्यायचा. तसाच जेसनमध्ये टाकला तर नेम्ड टपलची नावं गळून नुसती आकड्यांची रांग उरते, वर लक्षणांत सांगितली ती हीच. शिवाय विंडोजवर त्या रांगेत दुसरीच नावं असतात, म्हणजे तिसरा आकडा अमुक असं धरून चाललात तर एके दिवशी फसाल.

क्रिएट टाइमबद्दल दोन शब्द. तो १९७० पासूनच्या सेकंदांत येतो. क्लाउड सर्व्हर मुंबई रीजनमध्ये असला तरी त्याचं घड्याळ बहुतेक यूटीसीवर असतं, आणि तिथेच तारीख बनवून पाठवली की प्रोसेस साडेपाच तास आधी सुरू झालेली दिसते. सेकंद तसेच पाठवा, तारीख दाखवताना बनवा.

पाचवी: नन कुठून येतो

इथून पुढे कोड कमी आणि सर्व्हरच्या परवानग्या जास्त.

एजंट साध्या युजरने चालत असेल तर दुसऱ्याच्या प्रोसेसचे आयओ काउंटर्स, नम एफडीज, ओपन फाइल्स, एन्व्हायरन, मेमरी फुल इन्फो वाचायला कर्नल नाही म्हणतो. अ‍ॅज डिक्ट तो नकार पोटात घेऊन एडी व्हॅल्यू या पॅरामीटरमध्ये जे दिलंय ते भरतं, आणि काही दिलं नसेल तर नन. झॉम्बी (संपलेल्या पण यादीतून न गेलेल्या) प्रोसेसचंही तसंच. पण टर्मिनलसाठी नन हे खरं उत्तर असतं, सर्व्हिसला टर्मिनल नसतोच. कर्नल थ्रेडची कमांड लाइन रिकामी असते, तेही खरं उत्तर. म्हणून एडी व्हॅल्यूमध्ये स्वतःची खूण द्या, आकड्यांच्या रकान्यात उणे १ वगैरे, म्हणजे 'परवानगी नाही' आणि 'खरंच काही नाही' हे वेगळे दिसतात. मात्र डॅशबोर्डवर सरासरी काढताना ते उणे १ वगळायला विसरू नका.

मग हाच एजंट एकदा सुडो लावून हाताने चालवा. नन भरले गेले तर प्रश्न परवानगीचाच. पण म्हणून कायमचा रूटने चालवायचा का? तर नाही, निदान स्वतःच्या मनाने तरी नाही. आधी यादी बघा, ते मेट्रिक खरंच कोणी बघतं का विचारा. बहुतेक वेळा कोणीच बघत नसतं, काढून टाकलं की परवानगीचा प्रश्नच मिटतो. खरंच हवं असेल तर पूर्ण रूटऐवजी पीट्रेसची आणि डॅक रीड सर्चची कॅपॅबिलिटी (रूटच्या अधिकाराचा सुटा तुकडा) देऊन भागवता येतं, पण पीट्रेसची मिळाली की एजंट दुसऱ्याच्या प्रोसेसची मेमरीसुद्धा वाचू शकतो, त्यामुळे तो निर्णय सिस्टिम अ‍ॅडमिनचा. तिथे थांबा आणि त्यांना बोलवा.

प्रोसेसची संख्याच कमी दिसत असेल, म्हणजे स्वतःच्या सोडून बाकी गायबच, तर प्रॉक हाइडपीआयडी (दुसऱ्यांच्या प्रोसेस लपवणारा पर्याय) लावून माउंट केलंय का बघा. ते कोणीतरी विचार करून लावलेलं असतं. काढायला सांगू नका, एजंटच्या युजरला सूट मिळेल का एवढं विचारा.

सहावी: डिस्क, नेटवर्क, कंटेनर

इथे यादीचा पॅरामीटर नाहीच, गाळणी तुम्हालाच लिहायची आहे.

डिस्क १०० टक्के भरलेली दिसते ती बहुतेक उबुंटूवर स्नॅप नावाच्या पॅकेजची असते. स्नॅपच्या स्क्वॉशएफएस इमेज वाचायपुरत्या असतात, त्या कायम पूर्ण भरलेल्याच दिसणार. डिस्क पार्टिशन्सला ऑल बंद ठेवलं तरी त्या येतात. फाइल सिस्टिमचा प्रकार बघून गाळा, पाथ बघून नको.

डिस्क आयओचा आकडा दुप्पट दिसत असेल तर पर डिस्क चालू करून तुम्हीच बेरीज मारताय. त्यात पूर्ण डिस्क पण असते आणि तिची पार्टिशन्स पण. एकूणच हवा असेल तर पर डिस्क बंद ठेवा, लायब्ररी पार्टिशन्स वगळून बेरीज देते.

नेटवर्कमध्ये डॉकर असलेल्या मशीनवर व्हीईटीएच नावाची इंटरफेस कंटेनरबरोबर येतात आणि जातात, प्रत्येकाचं नाव नवं. नको त्यांची यादी करण्यापेक्षा हवी त्यांची यादी करा, नाहीतर तुमचा मेट्रिक्सचा डेटाबेस मेलेल्या इंटरफेसच्या नावांनी भरून जातो.

कंटेनरमध्ये एजंट असेल तर मेमरीचा एकूण आकडा साधारणपणे होस्टचा दिसतो, कंटेनरला दिलेली मर्यादा नाही. ती सीग्रुपच्या (कर्नलची अशा मर्यादा लावायची सोय) फाइलमधून वेगळी वाचावी लागते. होस्टच्या प्रोसेस बघायच्या असतील तर होस्टचं प्रॉक आत माउंट करून पीएसयूटिलचा प्रॉक-एफएस पाथ बदलायचा, आणि तो इम्पोर्टनंतर लगेच. पण हे माउंट मागताना प्लॅटफॉर्म टीमला विचारल्याशिवाय करू नका, कंटेनरला होस्टमध्ये डोकावू देणं ही छोटी गोष्ट नाही.

सातवी, आणि इथे थांबायचं

सगळं करूनही एजंट मधूनच गोठत असेल तर पाय-स्पाय लावून कुठल्या ओळीवर अडकलाय ते बघा, एसट्रेसने कुठली फाइल वाचताना अडकलाय ते बघा. दोन्हींचा चालू प्रोसेसला थोडाफार जाच होतो, एसट्रेसचा तर चांगलाच, त्यामुळे ब्रोकरकडे सव्वानऊ ते साडेतीन या वेळात हे हत्यार बाहेर काढायचं नाही.

एकाच पीआयडीच्या सीएमडीलाइनवर (प्रोसेस सुरू करताना दिलेली कमांड) दरवेळी अडकत असेल तर दुसऱ्या टर्मिनलवर साधं पीएस ऑक्स मारा. तेही तिथेच लटकलं तर तुमच्या यादीचा काही संबंध नाही. ती प्रोसेस डी स्टेटमध्ये, म्हणजे डिस्क किंवा नेटवर्क स्टोरेजची वाट बघत, कर्नलमध्ये अडकलेली असण्याची शक्यता मोठी. अशी प्रोसेस किल नाइननेही लगेच जात नाही. स्टोरेजवाल्यांना फोन करा, एजंट रीस्टार्ट करत बसू नका, प्रत्येक रीस्टार्टला अजून एक पायथन तिथे अडकेल.

आता पासवर्डचं. अ‍ॅज डिक्टने सगळं आणलं की त्यात एन्व्हायरन पण येतं, आणि आजकाल पासवर्ड, एपीआयच्या किल्ल्या एन्व्हायर्नमेंटमध्येच ठेवतात. एजंट रूटने चालत असेल तर सगळ्यांच्याच येतात. सीएमडीलाइनमध्येही कोणीतरी पासवर्ड लिहून प्रोसेस सुरू केलेली असते, आणि ती वाचायला रूटही लागत नाही. मग हे सगळं लॉगमध्ये, लॉगवरून सर्च सर्व्हरवर, तिथून बॅकअपमध्ये. हे सापडलं तर एजंट थांबवा, यादीतून दोन्ही काढा, आणि लॉग डिलीट करायला धावू नका. सिक्युरिटी टीमला कळवा. कोणापर्यंत पोचलंय हे त्यांना लॉगवरूनच कळणार असतं, आणि पासवर्ड बदलणं हे काम डिलीट करण्यापेक्षा महत्त्वाचं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठराविक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, तुमचा प्रकार त्यात बसतो का हे त्यांनी ठरवायचं, पण घड्याळ लक्षात आल्याच्या क्षणापासून सुरू होतं हे ध्यानात ठेवा. ऑफिसात अशी टीम नसेल तर मालकांना सांगा आणि बाहेरून माणूस बोलवा.

ज्याला बोलवाल त्याला 'मॉनिटरिंग चालत नाही' एवढंच सांगू नका. पीएसयूटिलचं आणि पायथनचं व्हर्जन, ओएस, एजंट कुठल्या युजरने चालतो, कंटेनरमध्ये आहे का, पहिल्या तपासणीत रेपर लावून प्रिंट झालेली यादी जशीच्या तशी, आणि एका फेरीला लागलेला वेळ, एवढं पाठवा. एन्व्हायरनचं आउटपुट मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, लोक तेही करतात.